चांचणीपूर्वीं

बिद्रीच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं सध्यां वाद चालू आहे. पुतण्याला व्यावसायिक फुटबॉल-संघाच्या निवड-चांचणीस जावयाचें आहे. थोरले बंधु विचारतात, ‘चेंडू लाथाडून पोट भरतें काय?’

प्रश्न गैर नाहीं. कोल्हापुरांत तालमींच्या संघांसाठीं शाहू स्टेडियम दुमदुमतें, पण त्या प्रेमानें चूल पेटतेच असें नाहीं. तथापि याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत शिकून २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला, २०१९ सालीं इंग्लंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासही गेला.

मुलानें मात्र एवढें जाणावें कीं, चांचणींत सोबती परके आणि वेळ थोडा. चौघांना हुलकावणी देण्याचा मोह टाळून मोकळ्या गड्याला चेंडू द्यावा. चेंडू पायाशीं नसतां आपण कोठें धांवतों, हेंही परीक्षक न्याहाळतात. दुबळा पाय आधीं महिनाभर घटवावा. शेवटच्या आठवड्यांत मेहनत कमी करून झोंप वाढवावी. नवे बूट त्याच दिवशीं घालणें म्हणजे फोडांना आमंत्रण! वयाचा दाखलाही जवळ असावा.

‘हें सर्व ठीक,’ स्नेही म्हणाले, ‘पण दादांची समजूत कोण घालणार?’ येत्या रविवारीं आम्ही बिद्रीस जात आहों.