वृद्ध खलाशी आणि रॉकचा श्रोता

बालगंधर्वांचे नाटक पाहिलेल्या रसिकाची आठवण आपण सांस्कृतिक दस्तऐवज मानतो. रॉक बँड प्रत्यक्ष ऐकलेल्या चाहत्याची आठवण मात्र तारुण्यातला हुल्लडपणा म्हणून बाजूला सारतो. हा भेद आम्हांला मान्य नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. वन्समोअर घेत रंगत गेलेले पद तिच्यात मावणे शक्यच नव्हते. ते रंगणे आपल्यापर्यंत पोहोचले, ते श्रोत्यांच्या आठवणींतून.

यावर आक्षेप असा येईल, की आजच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण होते; मग आठवणींची गरज काय? एक उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या इंग्लिश बँडने आपल्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर केली. ‘फ्लाइट ६६६’ हा त्या दौऱ्यावरचा माहितीपट २००९ साली आला. त्याच नावाच्या ध्वनिसंचात मुंबईत गायलेले ‘एसेस हाय’ आहे. पुरावा भक्कम आहे. पण त्या ध्वनिमुद्रणात श्रोते म्हणजे केवळ एक गर्जना आहे. ती गर्जना कोणाची होती, हे त्यातून कळत नाही. कॅसेटवरून कॅसेट भरून घेत, अर्धे शब्द अंदाजाने लावत ज्यांनी ही गाणी वर्षानुवर्षे ऐकली, ते तेथे होते. त्यांना ही गाणी पाठ होती ती आरतीसारखी: अर्थाच्या आधी नादाने.

त्या रात्री ‘द राइम ऑफ दि एन्शंट मरिनर’ हे गाणेही झाले. कोलरिजची ही कविता १७९८ सालची. स्टीव्ह हॅरिसने तिच्यावर रचलेले, तेरा मिनिटांहून मोठे गाणे १९८४ सालचे. मध्यावर वाद्यांचा कल्लोळ ओसरतो आणि लाकडी जहाजाची करकर तेवढी ऐकू येते. आमच्यापैकी जे त्या मैदानावर होते, त्यांच्या स्मरणात गर्जनेपेक्षा ही स्तब्धता अधिक आहे. वारा पडलेल्या समुद्रात अडकलेले जहाज म्हणजे काय, याचा प्रत्यय परीक्षेच्या गाइडमधून कधी आला नव्हता. तो तेथे आला.

त्या कवितेतला खलाशी लग्नाला निघालेल्या पाहुण्याला वाटेत अडवतो आणि आपली कहाणी ऐकवतो. सांगितल्यावाचून त्याची सुटका नाही. पाहुण्याला ती ऐकायची नसते. पण ऐकून परततो तेव्हा तो पूर्वीचा उरलेला नसतो. चाहत्याचे निवेदन याच जातीचे असते, असे आम्हांला वाटते.

अर्थात, प्रत्येक आठवण साहित्य ठरत नाही. गाण्यांची यादी, दिव्यांचा झगमगाट, आपण मंचापासून किती हातांवर उभे होतो याचा अभिमान, एवढ्यावरच बहुतेक आठवणी संपतात. ते काम कॅमेरा अधिक चोख करतो. ऐकणाऱ्याच्या आत काय हलले, हे त्यालाच सांगता येते, आणि आठवणीचे मोल तेथेच ठरते.

प्रश्न भाषेचाही आहे. आमचे विद्यार्थी हे अनुभव कट्ट्यावर मराठीत सांगतात, लिहितात मात्र इंग्रजीत. रिफ, डिस्टॉर्शन यांना मराठी शब्द नाहीत, ही त्यांची सबब. परंतु ज्या नाट्यसंगीताचा आपण अभिमान बाळगतो, त्याने ऑर्गन आणि वन्समोअर हे दोन्ही शब्द निःसंकोच घेतले. तेव्हा अडचण शब्दांची नाही. हा अनुभव मराठीत लिहिण्याच्या योग्यतेचा आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही, ही खरी अडचण आहे. आणि ते सांगणे आम्हां शिक्षकांचे काम आहे.