रंग बघा, पण आधी धूळ आठवा

कॉलेजच्या कट्ट्यावर हल्ली रंगीत खड्याच्या अंगठ्या बऱ्याच दिसतात. कुणी पहिल्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून घेतलेली, कुणी एकमेकांना दिलेली, कुणाला आईने पत्रिका पुढे करून घालायला लावलेली. हिऱ्याचा तोच तो पांढरा चकचकाट नको, रंग हवा, ही आवड मला शंभर टक्के मान्य आहे. माझं भांडण वेगळं आहे. रोज घालायची अंगठी आपण रीलमध्ये मखमलीवर ठेवलेला खडा बघून निवडतो आणि तो खडा पुढची पाच वर्षं मखमलीवर राहणार नाही, हे विसरतो.

कानातलं नुसतं लटकतं, पेंडंट गळ्यात निवांत असतं. अंगठी मात्र दिवसभर राबते. लोकलचा दांडा, बाइकचा क्लच, जिममधली डंबेल्स, मेसचं ताट, बॅगेची चेन, सगळीकडे ती आधी आपटते. त्यामुळे ‘शोभते का’ याच्या आधी ‘टिकते का’ हा प्रश्न यायला हवा.

टिकण्याचं पहिलं माप तुम्ही शाळेत शिकलाय. फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. शंखजिरं १, हिरा १०. कोण कुणावर ओरखडा काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. यात आपल्या कामाचा आकडा आहे ७, म्हणजे क्वार्ट्झ, आपली साधी गारगोटी. कारण रस्त्यावरच्या, बांधकामाच्या, खिडकीतून येणाऱ्या धुळीत हिचेच बारीक कण असतात. तुमचा खडा सातच्या खालचा असेल, तर धूळ बसलेली अंगठी ओढणीने प्रेमाने पुसणं म्हणजे तिच्यावर बारीक सँडपेपर फिरवणं. एका दिवसात काही दिसत नाही. पण काही महिन्यांत खड्याची धार बोथट होते आणि तो धुरकट दिसायला लागतो. मग आपल्याला वाटतं, दुकानदाराने फसवलं!

या हिशोबाने सध्याचे बरेच लाडके खडे रोजच्या अंगठीतून बाद होतात. ओपल साधारण ५.५ ते ६.५, मूनस्टोन ६च्या आसपास, टांझानाइट ६ ते ७. मोती तर जेमतेम २.५ आणि पोवळं ३ ते ४. त्यातून घाम, परफ्युम यांचंही मोत्याशी पटत नाही. ॲमेथिस्ट हा स्वतःच क्वार्ट्झ, म्हणजे धुळीच्या बरोबरीचा. तो स्वस्त आहे आणि पुन्हा पॉलिश करून घेता येतो, तेव्हा हे माहीत असताना घेतला तर माझी हरकत नाही.

पण नुसता आकडा बघूनही भागत नाही. घणाचे घाव घातले तरी खरा हिरा फुटत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात तो फुटतो. ओरखडा न पडणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. टोपाझचंच बघा. कठीणपणा ८, पण एका ठरावीक दिशेने घाव बसला तर सरळ दोन तुकडे. पाचू ७.५ ते ८, पण त्याच्या पोटात बहुतेक वेळा बारीक चिरा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल भरलेलं असतं. अशी अंगठी दागिने साफ करायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकली की तेल निघून जातं आणि चिरा वर येतात. पाचू सुंदरच आहे, पण तो समारंभाला घालायचा खडा आहे.

मग रोजसाठी काय? माझं उत्तर सरळ आहे: नीलम, माणिक किंवा स्पिनेल. नीलम आणि माणिक ही एकाच खनिजाची, कोरंडमची, दोन नावं. कठीणपणा ९ आणि टोपाझसारखी सहज फुटायची दिशाही नाही. शिवाय नीलम फक्त निळा नसतो. गुलाबी, पिवळा, हिरवा, जांभळा, सगळे मिळतात. डायनाच्या साखरपुड्याची १९८१ची निळ्या नीलमची अंगठी २०१०मध्ये केटच्या बोटात आली, ती उगाच नाही. गंमत म्हणजे हाच खडा आपल्याकडे ‘मानवला तर ठीक’ म्हणून घाबरत घाबरत, उशाखाली ठेवून तपासला जातो. स्पिनेल ८. त्याचं नाव कमी ऐकू येतं, पण ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ म्हणून मिरवणारा लाल खडा प्रत्यक्षात स्पिनेलच आहे.

‘नीलम आपल्या बजेटमध्ये कुठला?’ हा प्रश्न येणारच. तर प्रयोगशाळेत तयार केलेला घ्या. फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्हर्नॉय यांनी १९०२मध्ये कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, तेव्हा हे काही काल आलेलं फॅड नाही. रसायन तेच, कठीणपणा तोच, किंमत मात्र कितीतरी कमी. विद्यार्थ्याने लॅबमधला नीलम घालण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. कमीपणा आहे तो लॅबमधला खडा ‘नॅचरल’ म्हणून विकण्यात.

उलट मोठ्ठा, लालभडक ‘नैसर्गिक’ माणिक अगदी स्वस्तात मिळत असेल तर सावध व्हा. भेगांमध्ये शिसं असलेली काच भरून चकाकवलेले माणिक बाजारात भरपूर आहेत. त्या काचेला लिंबाचा रससुद्धा खातो, म्हणजे सरबत करतानाही धोका. ‘पुष्कराज’ या शब्दाचाही असाच घोळ आहे. कुणी त्या नावाने पिवळा नीलम देतं, कुणी टोपाझ, आणि दोघांच्या टिकाऊपणात केवढा फरक आहे ते वर आलंच. म्हणून बिलावर खनिजाचं नाव, तो नैसर्गिक की लॅबमधला, आणि त्यावर काय प्रक्रिया केली आहे, हे तिन्ही लिहून मागा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

खडा बसवताना धातूच्या चार बारीक टोकांवर उंच उचललेला नको. टोकं ओढणीत अडकतात, वाकतात आणि एक दिवस खडा गायब होतो. सगळीकडून धातूची कड असलेलं, बुटकं बेझेल सेटिंग मागा. रीलमध्ये ते कमी झगमगतं, पण खड्याच्या कडा वाचतात.

आणि एवढं वाचूनही ओपलवरून जीव हटत नसेल, तर तो कानात घाला. तिथे त्याला बाइकचा क्लच दाबावा लागत नाही.