लोणारचा गुलाबी रंग शेवाळाचा नव्हे



लोणार सरोवर शेवाळामुळे गुलाबी झाले होते आणि त्यावर संशोधन म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. दोन्ही विधाने मान्य करता येत नाहीत.

जून २०२० मध्ये रंग पालटला तेव्हा अनेकांनी शेवाळाचेच नाव घेतले होते, हे खरे. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग होता हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त. पातळी घटली, क्षार वाढले आणि या जीवांचे फावले. नुसत्या डोळ्यांनी हे कळले असते का?

लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात तगणाऱ्या जीवाणूंची विकरे कपडे धुण्याच्या पावडरीतही वापरतात. मग उधळपट्टी कोणती? उलट, सरोवराच्या पाण्याची तपासणी दर ऋतूत व्हावी आणि तिचे निष्कर्ष शासनाने मराठीतून प्रसिद्ध करावेत, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)