अंगठा दिला की घेतला?

पाठ्यपुस्तकातल्या कवितेत एकलव्याचं नाव आलं की पानाच्या तळाला टीप येणार, हे ठरलेलं. ती साधारण अशी असते : एकलव्य – महाभारतातील एक निष्ठावान शिष्य, याने गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा दिला. टीप खोटी नाही. पण तिच्यातलं 'दिला' हे क्रियापद जरा उचलून पाहा. अंगठा दिला म्हटलं की गोष्ट भक्तीची होते, मागितला म्हटलं की गुरूची होते आणि घेतला म्हटलं की अन्यायाची. टीप लिहिणाऱ्याने या तीन निकालांपैकी एक आधीच निवडून ठेवलेला असतो, आणि विद्यार्थ्याने कवितेची पहिली ओळ नीट वाचण्यापूर्वी तो त्याच्या हातात पडतो. साहित्यातला पूर्वसंदर्भ, म्हणजे एका कृतीने दुसऱ्या कृतीकडे, पुराणाकडे किंवा इतिहासाकडे टाकलेला कटाक्ष, आपण शाळेत असाच माहितीचा तुकडा म्हणून शिकवतो. नाव ओळखलं, गोष्ट सांगितली, पुढची कविता घ्या. माझं म्हणणं असं की ओळख पटली तिथे काम जेमतेम सुरू होतं. लेखकाने जुन्या गोष्टीतलं काय उचललं, काय मुद्दाम मागे ठेवलं, आणि तिच्या जुन्या निकालाखाली सही केली की तो फिरवला, हे शोधायला मुलांना शिकवत नसू तर आपण संदर्भ शिकवत नाही, सामान्यज्ञान शिकवतो.

'संदर्भ' या शब्दाचीच शाळेने फार आबाळ केली आहे. 'संदर्भासह स्पष्टीकरण' या प्रश्नावर मराठी माध्यमातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. तिथे संदर्भ म्हणजे पत्ता : प्रस्तुत वाक्य अमुक पाठातील असून ते अमक्याने तमक्याला उद्देशून म्हटले आहे. पत्ता बरोबर लिहिला की गुण पक्का. आता प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, रसग्रहणाला जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण गाइडवाल्यांनी त्याचाही साचा करायला वेळ लावला नाही. पुस्तकाबाहेर, रोजच्या बोलण्यातले संदर्भ तर आपल्या खिजगणतीतही नसतात. 'ध चा मा करणे' घ्या. शब्दांची फिरवाफिरव, एवढा अर्थ पाठ करून मुलं वाक्यात उपयोग करतात. त्यामागे ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा आहे, गारद्यांनी मारलेला अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा आहे, आणि 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं ही आख्यायिका आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना. भाषेने मात्र लक्षात ठेवली ती अक्षर बदलणारी बाई. हा वाक्प्रचार वापरणारा प्रत्येक जण नकळत आनंदीबाईंच्या विरोधात साक्ष देत असतो. ही गोष्ट नववीच्या वर्गाला सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि संदर्भ निकालही वाहून आणतो हे त्या पाच मिनिटांत जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

निकाल फिरवता येतो याचा सगळ्यात मोठा पुरावा मराठीत दलित कवितेने दिला. १९७० नंतरच्या दशकात एकलव्य आणि शंबूक ही दोन नावं या कवितेत पुन्हा पुन्हा येतात. शंबूक हा उत्तरकांडातला तप करणारा शूद्र; त्या तपापायीच त्याला रामाच्या हातून मरण आलं. या कवींनी नव्या गोष्टी रचल्या नाहीत. गोष्ट तीच ठेवली, उभं राहायची जागा बदलली. आश्रमाच्या आतून पाहिलं तर दिसते ती गुरुभक्ती. कुंपणाबाहेरून पाहिलं तर दिसतो तो नाकारलेला प्रवेश आणि त्यानंतरही वसूल केलेली फी. आता अशा कवितेखाली 'निष्ठावान शिष्य' ही टीप छापून पाहा. टीप कवितेशीच भांडायला लागते, आणि वर्गात जिंकते टीपच, कारण गुण तिच्या बाजूला असतात. विद्यार्थी उत्तरात लिहितो की कवीने एकलव्याच्या उदाहरणातून निष्ठेचे महत्त्व सांगितले आहे. त्याचं पाठांतर चोख असतं आणि वाचन शून्य.

जरा वेगळ्या जातीचं उदाहरण पाहू, कारण पुराणांपलीकडेही हाच खेळ चालतो. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. त्याच्यामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आहे, हे एक वाक्य लिहिलं की बहुतेक उत्तरपत्रिकांत विषय संपतो. तो तिथे सुरू व्हायला हवा. लिअरला तीन मुली. कोण माझ्यावर किती प्रेम करतं ते सांगा, असं तो विचारतो. थोरल्या दोघी गोड बोलून राज्य पदरात पाडून घेतात आणि जी खरं प्रेम करते ती धाकटी कॉर्डेलिया बोलायला नकार देऊन हाकलली जाते. आप्पासाहेब बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. मग कॉर्डेलिया कुठे गेली? शिरवाडकरांनी ती ठेवलीच नाही. शेक्सपिअर त्यांना ऐकीव नव्हता. 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' आणि 'ऑथेल्लो' त्यांनी आधीच मराठीत आणलेले होते. तेव्हा ही गाळणी विसरभोळेपणाची नाही. लिअरचा गुन्हा म्हणजे त्याने प्रेमाची परीक्षा घेतली आणि चुकीच्या पोरीला नापास केलं. म्हणून त्याच्या दुःखात पश्चात्ताप आहे. आप्पांनी कुणाची परीक्षा घेतली नाही, जे होतं ते वाटून मोकळे झाले. त्यांना पश्चात्ताप करायला चुकीची निवडसुद्धा उरलेली नाही, आणि म्हणून हे दुःख मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला लिअरच्या दुःखापेक्षा घराजवळचं वाटतं. लिअरची राणी नाटकात कुठेच नाही. शिरवाडकरांनी आप्पांना कावेरी दिली, कॉर्डेलियाच्या वाटचं न बोललेलं प्रेम तिच्याकडे सोपवलं, आणि तिलाही मधेच उचलून नेलं. शिवाय लिअर खराच राजा. आप्पांचं राज्य तेवढं पडदा वर असेपर्यंतचं, मुकुट पुठ्ठ्याचे. जो मुकुट कधी खरा नव्हताच तो काढून कसा घेणार? घर जातं, मुलं जातात, भूमिका मात्र जात नाहीत. 'नटसम्राट' हे नावच तेव्हा दोन्ही बाजूंनी वाचावं लागतं. एवढं सगळं एका साध्या प्रश्नातून निघतं : मूळ गोष्टीतलं कोण इथे आलेलं नाही? मुलांनी त्याआधी अख्खा 'लिअर' वाचला पाहिजे असंही नाही. शिक्षकाने कथानक दहा मिनिटांत सांगितलं तरी पुरतं.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचाच येतो आणि तो रास्त आहे. मुलांना मूळ गोष्टीच माहीत नसतात, मग फरक कुठून शोधणार? आजीच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेली पिढी सरली, हे खरं. पण अर्धंच खरं. रामायण-महाभारत मुलांना माहीत असतं, फक्त एकाच आवृत्तीत माहीत असतं. १९८७ आणि १९८८ साली दूरदर्शनवर त्या दोन मालिका सुरू झाल्या तेव्हापासून प्रसंग, पोशाख, संवाद सगळं एका ठशात ओतलं गेलं. पुढची कार्टूनंही बरीचशी त्याच ठशातून निघाली. अज्ञानाइतकीच ही एकसुरी माहितीही अडचणीची, कारण दुसरी आवृत्ती असू शकते हेच मुळी मुलांच्या ध्यानात येत नाही. म्हणून गोष्ट सांगायचीच, फक्त दोन परींनी सांगायची. आणि कधी सांगायची, याचं उत्तर आपल्याकडे शेकडो वर्षं तयार आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एखादा अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. आख्यान येतं उत्तररंगात. आधी ओळ, मग गोष्ट. आख्यान सुरू होईपर्यंत श्रोत्याच्या मनात त्या ओळीने एक खुंटी ठोकलेली असते आणि प्रत्येक प्रसंग तो त्या खुंटीला अडकवून पाहतो. वारकरी कीर्तनातही मुख्य अभंग उभा राहिला की त्याला इतर संतांची प्रमाणं जोडली जातात, एका वचनाशेजारी दुसरं ठेवून. गावातली माणसं, कित्येकदा निरक्षर, या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या तुलना करत आली. आपल्या वर्गात उलटं होतं : गोष्ट आधी सांगून टाकायची आणि मग कविता तिचं उदाहरण म्हणून वाचायची.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. संदर्भ, संदर्भ म्हणता, पण कुणाचे? ज्याच्या घरी पोथी होती त्याला आयतं भांडवल आणि बाकीच्यांनी टीप वाचायची, हे जुनंच राजकारण नव्हे काय? आहेच, जर संदर्भ म्हणजे ओळखपरेड असेल तर. ओळखीला गुण दिले की पोथीवाल्या घराला गुण मिळतात. तुलनेला गुण दिले तर गोष्ट शिक्षकाने सगळ्यांना सारखीच सांगितलेली असते आणि प्रश्न उरतो नजरेचा. तिथे कुंपणाबाहेरची नजर घेऊन आलेलं पोर पुष्कळदा पुढे असतं. शिवाय मराठीचं संदर्भविश्व एका पोथीत मावणारं कधीच नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं : बायबलची कथा, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि नाव 'पुराण'. कथा एका परंपरेची, चाल दुसऱ्या परंपरेची. अशा संदर्भाला टीप लिहायची तर कशावर लिहाल? तिथे विशेषनामच नाही, ओवीच संदर्भ आहे. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रांच्या, गर्दीच्या शहरात अभंग-ओवीची चाल ऐकू येते तेव्हाही हेच होतं. संतांचं नाव न घेता संतांची जागा रिकामी असल्याचं कळतं. टिपांवर वाढलेला विद्यार्थी इथून सरळ पुढे निघून जातो, कारण त्याला अडखळायला ठळक छापलेलं नाव सापडत नाही. कानाने संदर्भ ओळखणं हे या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि मला वाटतं, मोठ्याने वाचण्याखेरीज त्याला उपाय नाही.

मग दिसेल तिथे संदर्भ काढत सुटायचं का? ही भीतीही खोटी नाही. पदवीच्या वर्गांत हा रोग चांगलाच पसरलेला आहे. कथेतल्या कुणाचं नाव राम असलं म्हणून तो वनवासाला निघालाच पाहिजे असं नाही. पडताळा सोपा आहे. संदर्भ बाजूला काढून कृती वाचायची; काही उणं झालं नाही तर तो आपण चिकटवलेला होता. आणि एका खुणेवर विसंबायचं नाही, दुसरी मागायची. पु. लं.चं 'ती फुलराणी' बालकवींची कविता ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनीही पोटभर हसून पाहिलं, पाहतात. नाटक उभं आहे शॉच्या 'पिग्मॅलिअन'वर, आणि शॉच्या नावामागे पुतळ्याच्या प्रेमात पडलेला ग्रीक कथेतला शिल्पकार. एवढ्यावर भागत होतं. तरी पु. लं.नी नाव घेतलं बालकवींचं. फुलं विकणारी मंजुळा, एवढ्याच धाग्यावर घेतलं असं म्हणता येईल. ती पहिली खूण. पण बालकवींच्या कवितेचा शेवट लग्नसोहळ्याचा आहे, आणि शॉने तर आपल्या नायिकेचं लग्न प्रोफेसरशी लागत नाही हे पटवायला नाटकाच्या मागे लांबलचक उपसंहार जोडला होता. म्हणजे शॉने हट्टाने दाराबाहेर ठेवलेला मांडव मराठी नाटकाच्या पाटीवरच उभा राहिलेला. ही दुसरी खूण. ती दिसल्याने हसू कमी होतं असं मला वाटत नाही. चिरफाडीने रस जातो म्हणणाऱ्यांनी ते एकदा पुन्हा पाहावं.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. अभ्यासक्रम पुरा होत नाही, पेपर तपासणाऱ्याला नमुना उत्तर लागतं, 'काय गाळलं' याचं नमुना उत्तर कसं द्यायचं? द्यायचं नाही, दोन मुद्दे आणि त्यांना कृतीतला आधार, एवढी अट ठेवली तरी तपासता येतं. सहामाहीत अशी एकच कविता घ्यावी. बाकी कविता नेहमीसारख्या चालू द्या, आभाळ कोसळत नाही.

आणि कवितेआधी सराव हवा असेल तर फळ्यावर तीन नावं लिहावीत. भारत सरकार १९६१ पासून उत्कृष्ट खेळाडूंना अर्जुन पुरस्कार देतं. १९८५ पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देतं. आणि आदिवासी मुलांसाठी १९९७-९८ पासून ज्या निवासी शाळा सुरू झाल्या, महाराष्ट्रातही आहेत, त्यांचं नाव एकलव्य. मग आदिपर्वातला प्रसंग वर्गाला पुरता सांगावा, टिपेत न मावलेल्या माणसासकट. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी एकलव्याला शिष्य केलं नाही. पुढे रानात भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्याने सात बाणांनी बंद केलं, ते पाहून अर्जुनाने गुरूला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली : तुझ्याहून सरस माझा शिष्य होणार नाही, असं म्हणाला होतात. त्यानंतर अंगठा मागितला गेला. एकलव्याने तो कापून दिल्यावर महाभारत अर्जुनाविषयी सांगतं की तो खूश झाला, त्याच्या मनाचा ताप उतरला. मग मुलांना विचारावं, शाळेला हे नाव देणाऱ्याच्या मनात कोणतं क्रियापद असेल.