तारेची ऐपत

भंडाऱ्याच्या जुन्या पेठेतील व्यापारी घरांची रचना बहुधा एकसारखीच असते. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर संसार. या घरांच्या भिंतींत तारा घातल्या गेल्या, त्या काळी स्वयंपाकघराला एक दिवा, एक पंखा आणि फार तर मिक्सर एवढ्यापुरतीच वीज लागत असे. आज त्याच ओट्यावर इंडक्शन शेगडी, ओव्हन आणि पाणी उकळण्याची विजेची किटली आहे. उपकरणे नातवांनी आणली. तार आजोबांच्या वेळचीच राहिली.

जैन घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे असल्यामुळे सायंकाळच्या तासा-दीड तासात सर्व उपकरणे एकदम चालू होतात. इतरत्र हाच भार रात्री नऊपर्यंत विभागला जातो. चातुर्मासात पाहुणे असले, तर विचारावयासच नको.

हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागावे. उत्तर अँपिअरमध्ये येते. शेगडी २०००, ओव्हन १५०० आणि किटली १५०० वॅटची असेल, तर एकूण ५००० वॅट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. आता तारेची ऐपत पाहू. नळीतून गेलेली तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार साधारण १४, अडीचची १८ ते २०, चारची २५ आणि सहाची ३२ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकते.

चारची तार पुरेल, असे वाटते. परंतु हे आकडे भोवतालचे तापमान ४० अंश धरून दिलेले असतात आणि साध्या पीव्हीसी आवरणाची सहनमर्यादा ७० अंश असते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला, की त्या ३० अंशांच्या वावापैकी पाच अंश आधीच खर्च होतात आणि तारेची क्षमता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. पंचवीसचे तेवीसही धड उरत नाहीत. म्हणून स्वयंपाकघरापर्यंतची मुख्य तार सहाची असावी. तेथून प्रत्येक मोठ्या उपकरणास अडीचची स्वतंत्र तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि तेवढ्याच क्षमतेचा एमसीबी द्यावा. प्रवाह दुप्पट झाला, की तारेतील उष्णता चौपट होते. म्हणून येथे थोडक्यात निभावून नेण्याचा विचार धोक्याचा ठरतो.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवून घेतला जातो. एमसीबी शेगडीच्या रक्षणासाठी नसतो, भिंतीतील तारेच्या रक्षणासाठी असतो. ऋणकोची ऐपत न वाढवता कर्जमर्यादा दुप्पट करून देण्यासारखाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे थकबाकीची नोटीस येत नाही. मालाच्या खरेदीत पैशा-पैशाची घासाघीस करणारी माणसे लाखाच्या ओट्याखाली स्वस्तातली, आयएस ६९४ ची खूण नसलेली तार मुकाट्याने घालू देतात, हे एक नवलच.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागली आणि दहा बालके दगावली. जिल्हा ते विसरलेला नाही. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. घरांची तपासणी करावयास मात्र कोणी येत नाही. ती कुटुंबप्रमुखानेच परवानाधारक वीजतंत्रीकडून करून घ्यावी लागते.

तत्पूर्वी महावितरणचे बिल काढून त्यावरील ‘मंजूर भार’ पाहावा. तो एक-दोन किलोवॅटच असेल, तर वाढीव भारासाठी अर्ज करावा. दुकानाच्या मीटरवरून वर तार ओढून वेळ मारून नेऊ नये. दर वेगळे आहेत आणि तपासणीत ते उघडकीस येते. आणि शेगडी अर्धा तास चालल्यावर बटण बंद करून प्लगला हात लावून पाहावा. तो धरवत नसेल इतका तापला असेल, तर त्या दिवशीचा उरलेला स्वयंपाक गॅसवर करावा आणि वीजतंत्रीला बोलवावे.