मरहूमांचा फोन

ईदनंतर शेजारच्या खाला एक फोन घेऊन आल्या. त्यांच्या शौहरांचा. इंतकालाला चार महिने झाले. फोन नातवाला द्यायचे ठरले. पण उघडायचा पिन कोणालाच ठाऊक नव्हता. नातवाने कुठलासा व्हिडिओ पाहिला, पॉवरचे आणि आवाज वाढवायचे बटण एकत्र दाबले आणि फोन पार कोरा करून टाकला. आता तो जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो आहे.

हा बिघाड नाही, कुलूप आहे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून ते आहे. चोराला फोन पुसून विकता येऊ नये, म्हणून. चोर कोण आणि वारस कोण, हे फोनला कळत नाही! खरेदीची पावती असेल तर ती आणि मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, असे मी सांगितले. दुकानात 'लॉक तोडून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका.

घरात जुना फोन कोणाला द्यायचा असेल तर घाई नको. फोटो आणि नंबर आधी गूगल खात्यावर किंवा संगणकावर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि तो परत आणताना तोच मोबाईल नंबर चालू लागतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खाते काढा, सिम व मेमरी कार्ड बाहेर घ्या, आणि शेवटी सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रिसेट करा. बटणे दाबून नव्हे.

गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही, तर आपण निवडलेल्या माणसाला त्यातली माहिती मिळते. वसिय्यत लिहून ठेवणारे आपण, ही नोंद करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

खाला गप्प बसून होत्या. फोनचे दुःख नव्हतेच त्यांना. "त्यांचा आवाज होता त्यात," म्हणाल्या. मी त्यांचाच फोन मागितला. त्यांना आलेले संदेश त्यांच्याकडेच असणार, हे घरात कोणाच्या लक्षातच आले नव्हते. वर सरकवत गेलो. शाबानमधला एक संदेश सापडला, अकरा सेकंदांचा. बाजारात बोंबील चांगले आलेत, आणू का, एवढेच विचारले होते.

खालांनी तो तीनदा ऐकला.