तालुक्याच्या शिवेवर संपणारा हक्क

मेळघाटातून मजुरीसाठी उतरलेला कोरकू परतवाड्यात स्थायिक झाला, की कायद्याच्या दृष्टीने तो आदिवासी उरत नसे. भाषा तीच, देव तेच, दारिद्र्यही तेच. बदलला तो केवळ तालुका. घटनेच्या ३४२ व्या कलमान्वये राष्ट्रपतींनी १९५० साली काढलेल्या आदेशात अमरावती जिल्ह्यापैकी एकटा मेळघाट तालुका होता आणि तेथील रहिवाशालाच अनुसूचित जमातीचा दर्जा होता. परतवाडा पडले अचलपूर तालुक्यात. समान संधीची ग्वाही देणारे कलम १६ घाटावर आणि घाटाखाली एकच. राखीव जागेचा हक्क मात्र पायथ्याशी संपत होता.

ही रेषा संसदेने १९७६ च्या कायद्याने पुसली. अंमल १९७७ पासून झाला. घटनेच्या एका अक्षरालाही हात लावावा लागला नाही. जे इतके सोपे होते त्याला सव्वीस वर्षे का लागली, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी कधी दिले नाही. त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. खन्ना यांचा एकट्याचा विरोध असताना, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद केले होते. एका हाताने हक्क देणारी आणि दुसऱ्या हाताने हिरावणारी ती राजवट होती. तेव्हा या कायद्याला कोणाची कृपा समजण्याचे कारण नाही.

क्षेत्रबंधन उठले म्हणून बोगस आदिवासींचे पीक आले, असे म्हणणारे आहेत. खोट्या दाखल्यांवर जागा बळकावल्या गेल्या, हे सत्यच आहे. यादीत नसलेला समाज न्यायालयाला यादीत घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात ठरवले. दाखला रद्द झाल्यावर त्याचे लाभ टिकणार नाहीत, असे २०१७ साली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण चोरासाठी उभारलेल्या फाटकात घरधनीच अडकला आहे. २००१ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. मग १९५० पूर्वीचा कागद मागितला जातो. ज्याच्या आजाने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्याने दाखलखारिज रजिस्टर कोठून आणावे? कागद नसेल तर चालीरीती विचारतात. दोन पिढ्या परतवाड्याच्या वखारींत राबलेल्या कुटुंबाला डोंगरावरचे विधी सांगता आले नाहीत, तर दोष कोणाचा? संसदेने पुसलेली शीव अशी प्रश्नावलीतून परत येते. चालीरीतींची कसोटी ही निर्णायक नव्हे, असे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

जुने दप्तर सरकारच्याच ताब्यात आहे. गावोगावची कोतवाल बुके, वनखात्याच्या नोंदी तहसीलदारांनी स्वतः शोधाव्यात, नक्कल फुकट द्यावी आणि नोंद सापडली नाही म्हणून अर्ज फेटाळू नये. अचलपूर, चिखलदरा आणि धारणीच्या कचेऱ्यांपुढे कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. पहिला अर्ज घाटाखालच्या कोरकूचा असावा.